रिठ्याचं पाणी

ज्योत्सनाला एका जागी बसलेली मी कधी पाहिली नाही. चहाचा कप हातात दिला की ती तो पीत पीत खिडकीच्या कडेवरून बोट फिरवायची, बोटाला लागलेली धूळ बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. मला राग यायचा. चहा पिताना तरी माणसानं दुसऱ्याच्या घराची परीक्षा घेऊ नये. पण तिला सांगून काही उपयोग नव्हता. "बसली का जीव घाबरते, आत्याजी," असं म्हणून ती कप विसळायला मोरीकडे पळायची.

तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मूळ गाव आहे. तिथला मंगरू तिचा बाप, म्हणून गावच्या नात्यानं मी तिची आत्या. मंगरूची सगळी हयात तलावात आणि नदीत जाळं टाकण्यात गेली. पोरीला मात्र पाण्यात उतरायचं नव्हतं. लग्न होऊन ती माझ्यासारखीच तुमसरला आली, नवरा राइस मिलमध्ये पोती उचलायचा, आणि ही एका मंगल कार्यालयात झाडूपोछ्याला लागली. तिथल्या संडासातला डाग निघेना म्हणून एकदा तिनं ॲसिड ओतलं, त्यावर ब्लिचिंग पावडर टाकली आणि दार लावून घासत बसली. बाहेर आली ती खोकत, डोळे पांढरे करत. कितीतरी दिवस सरकारी दवाखान्यात पडून होती. तेव्हापासून फिनाइलचा नुसता वास आला तरी तिची छाती वाजायला लागते.

दुसरीनं काम सोडलं असतं. हिनं बाटल्या सोडल्या आणि काम धरून ठेवलं. फरशीला रिठ्याचं पाणी, मोरीला राख आणि लिंबू, पितळेला आंबट ताक, चिकट ओट्याला खाण्याचा सोडा, आणि घासायला नारळाची शेंडी. स्कुटीच्या पुढं डबे, मागं बादल्या, आणि बादलीवर रंगानं लिहिलेलं: ज्योत्सना घरसफाई, बिनविषारी.

मला त्या शब्दाचीच चीड होती. बिनविषारी म्हणजे काय? आम्ही बाकीच्या बाया एवढी वर्षं घरात विष कालवत होतो की काय? असं मी तिला तोंडावर विचारलंसुद्धा. तिनं बादलीत बोट बुडवलं आणि चाटलं. "पाहा जी. तुमच्या फिनाइलमंधी बुडवून दाखवा असं." रिठा किती कडू असतो हे मला ठाऊक आहे, पण तिनं तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. प्रत्येक नव्या घरात ती हे करायची. लोक हसायचे, आणि काम द्यायचे.

अडचण एकच होती, वासाची. आमच्याकडे घर साफ झालं की नाही ते डोळे ठरवत नाहीत, नाक ठरवतं. दारातून पाय टाकताच फिनाइलचा भपकारा आला पाहिजे, तरच पाहुण्याला कळतं की या घरची बाई कामाची आहे. ज्योत्सनाच्या हातची फरशी आरशासारखी निघायची, पण तिला वास कसलाच नसायचा. बायका संशयानं फरशीकडे बघत राहायच्या.

अशा बायकांमध्ये पहिला नंबर माझ्या वहिनीचा, म्हणजे शोभाताईचा. आमचं घर कोष्ट्यांचं. आजोबा मागावर बसायचे, गोपाळदादा कापडाच्या दुकानात बसला. साठीला आल्यावर त्याला गावची आठवण झाली आणि त्यानं गावाबाहेर शेतात नवं घर बांधलं. घर चांगलं झालं, पण मागेच बोडी. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहान तलाव. गवंड्यानं घराच्या मोरीचा पाइप सरळ तिच्यात सोडून दिला, त्याला जवळ पडलं म्हणून. दादा म्हणाला, शोषखड्डा खणून घेऊ. दादाचं खणून घेऊ म्हणजे काय ते आम्ही लहानपणापासून जाणतो.

त्याच बोडीत त्या पावसाळ्यात मंगरूनं मासळीचं बीज टाकलं होतं. आजवर तो दुसऱ्यांबरोबर दुसऱ्यांच्या तलावात राबला. ही बोडी त्यानं पहिल्यांदा एकट्याच्या नावानं घेतली होती. रोहू, कतला, बोटाएवढी पिल्लं. तो सकाळ-संध्याकाळ पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, उकिडवा बसायचा आणि पाण्याकडे बघायचा. दादाच्या दारात येऊन हात जोडून म्हणाला होता, "बाकी काही नाही जी, फिनाइल तेवढं नका टाकू मोरीत. लहान जीव हायेत." वहिनी हो म्हणाली, आणि नाक मुरडून आत गेली.

दिवाळीनंतर माझ्या भाचीचं, दादाच्या मोनिकाचं, साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा. नव्या घरातलं पहिलं कार्य. फरशीवर सिमेंटचे डाग, खिडक्यांना रंगाचे थेंब, सगळं तसंच. मी म्हटलं, ज्योत्सनाला बोलवा, म्हणजे घरही होईल आणि मंगरूचे मासेही राहतील. ज्योत्सना आली ती आधी पाळीवर गेली. बापाला म्हणाली, "बा, बेफिकीर राह्य. माह्या पान्यानं तुह्यी एक पिल्लू नाही मरनार." मंगरू हसला. पोरीवर त्याचा भारी जीव.

दिवसभर ती घरात भिंगरीसारखी फिरत होती आणि वहिनी तिच्या मागे मागे. "फेस नाही, वास नाही. साफ झालं का नाही, कसं समजावं वं?" एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, डोळ्यांनी समजावं. पण ज्योत्सनाला ते लागलं. कामाचा अभिमान मोठा वाईट. ताठ उभी राहून म्हणाली, "फेस पायजे ना काकूजी? देते." आणि सगळ्या घरांसाठी आणलेली रिठ्याची थैलीची थैली तिनं आचाऱ्याच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, उपडी केली. काळपट, दाट पाणी उकळलं. घरभर घोट्याएवढा फेस झाला. वहिनीचा चेहरा पहिल्यांदा उजळला. संध्याकाळी उरलेलं पाणी, तळाचा चोथा, बादल्यांची धुवण, सगळं मोरीत गेलं आणि मोरीतून बोडीत. धानाला पाणी देऊन देऊन बोडी तेव्हा अर्ध्यावर आली होती.

ती गेल्यावर वहिनीनं कपाटामागून फिनाइलची बाटली काढली आणि संडासात ओतली. "पाहुणे येणार, घराले घराचा वास पायजे," म्हणाली. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी बाटली हिसकून घेतली तेव्हा ती अर्धी झाली होती. त्या रात्री मला धड झोप नाही आली.

सकाळी मंडपवाले खुर्च्या लावत होते. ज्योत्सना काचांवरून शेवटचा हात फिरवायला आली होती. एवढ्यात मंगरूचा पुतण्या कैलाश ओरडत आला, आणि आम्ही सगळे मागे धावलो.

बोडीत मासे वर आले होते. मेले नव्हते, पण ते बघणं मेल्याहून वाईट होतं. वीतभर लांबीचे मासे तोंडं पाण्याबाहेर काढून उघडमीट करत होते, कलंडत होते, सरळ होऊ बघत होते, एकाच जागी गोल गोल फिरत होते. काठाला फेस साचला होता. कैलाशनं आमच्या उकिरड्यातून फिनाइलची बाटली शोधून आणली होती आणि ती तो दादाच्या नाकासमोर नाचवत होता.

"हे काय हाय? सांगा, हे काय हाय? याच माशाचे हार घालतो आता तुमच्या पावन्यायले!"

"अरे जरासंच टाकलं होतं रे बाप्पा, संडासात!" वहिनी रडकुंडीला आली. दादा घामाघूम. दुपारी मुलाकडचे येणार, आणि दारात हा तमाशा.

मंगरू पाळीवर उकिडवा बसला होता. नुसता फेसाकडे बघत होता. मग एकदम उठला आणि दादाला शिव्या द्यायला लागला. ज्या माणसाचा आवाज मी आयुष्यात कधी चढलेला ऐकला नव्हता, तो हात उगारून ओरडत होता, "फिनाइलनं मारलं तुमी! हात जोडून सांगितलं होतं, तरी मारलं!" कैलाशहून मोठ्यानं. मला ते काही बरोबर वाटेना. का ते कळत नव्हतं.

ज्योत्सना काठाकाठानं फिरत होती. या टोकाला, त्या टोकाला, पुन्हा इकडे. चिखलात चप्पल रुतून राहिली, तिला पत्ता नाही. मग ती वाकली, काठावरच्या फेसाला बोट लावलं आणि चाटलं. या वेळी तिचं तोंड वाकडं झालं.

ती बापाजवळ आली. मी त्यांच्या अगदी मागे उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"बा, मी लहान होती तवा उन्हाळ्यात नदीच्या डोहात दवा टाकत होते ना तुमी? पोत्यात भरून बदडत होते. ते दवा कायची राहे?"

तिच्या लहानपणी, पाणी आटलं की, हे लोक तसं करायचे. पोतं पाण्यात आपटायचं, मासे झिंगून वर यायचे, आणि पोरं ते हातानं धरायची. पुढं ते बंद पडलं. सगळे त्याला दवाच म्हणायचे. दवा आणली, दवा टाकली. पोत्यात काय असतं हे पोरांना कोणी सांगितलं नाही, आणि पोरांनी विचारलं नाही. आणि तुमसरच्या किराणा दुकानातून रिठे घेताना ज्योत्सनाला ती दवा आठवायचं काही कारण नव्हतं. मंगरूनंही पोरीला कधी विचारलं नव्हतं की तुझ्या बादलीत असतं काय. पोरगी फिनाइल वापरत नाही, एवढ्यावर तो खूश होता.

मंगरूनं तिच्याकडे पाहिलं नाही. "घरी जाय."

"रिठ्याची होती ना, बा?"

"मालूम हाय मले. आल्या आल्या मालूम झालं. चूप राह्य आन् घरी जाय."

म्हणजे तो सगळं ओळखून होता. मासे कशानं झिंगले ते त्याला फेस बघताच कळलं होतं, आणि पोरीचं नाव यात येऊ नये म्हणून तो माझ्या भावावर तुटून पडला होता. मला त्याचा संताप आला, आणि त्याच क्षणी रडूही आलं.

"पन दवा खाल्लेला मासा ताज्या पान्यात उठते ना, बा?" ज्योत्सना त्याचा दंड धरून हलवत होती. "तूच सांगत होता, नदीत सुटला तं उठून पळते. उठते ना?"

मंगरूनं दंड सोडवून घेतला.

"बा, उठते का नाही?"

"उठते," तो दात आवळून म्हणाला. "आन् तुह्या धंद्याचं काय होईल, समजते का तुले? बिनविषारी लिवून फिरते तू. कोन उभं करन तुले दारात?"

पाण्यात एक मासा पोट वर करून थांबला. नंतर आणखी एक. कैलाश ओरडतच होता. कोणीतरी म्हणालं, पोलीस पाटलाला बोलवा. ज्योत्सना बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला वाटतं, तिच्या आयुष्यात ती एवढाच वेळ स्थिर उभी राहिली असेल. मग वळली आणि ओरडली.

"काकाजी, बोरची मोटर चालू करा! फिनाइल नोहे ते! माह्यं पानी हाय, रिठा हाय! माह्या रिठ्यानं झिंगले मासे! मेले नाही अजून, ताजं पानी सोडा, लवकर!"

कैलाशच्या हातात बाटली तशीच. सगळ्यात आधी तोंड फुटलं ते वहिनीला. "म्हणजे विष तुह्यंच! आन् मले नाव ठेवत होते सगळे!" तिच्या आवाजात असा आनंद होता की मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दादा जागचा हलेना. त्याच्या डोक्यावरचा दोष आत्ताच उतरला होता. आता तो सहज घरात जाऊ शकत होता, सदरा बदलून पाहुण्यांची वाट बघू शकत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो विचार येऊन गेलेला मी पाहिला. मी लहान बहीण, पण त्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, पाइप तुझा, मोरी तुझी, न खणलेला खड्डा तुझा, आणि बघत काय उभा राहिलास? दादा धोतर सावरत मोटरीकडे धावला. ते मात्र मी त्याच्या बाजूनं सांगेन, धावला.

पुढचं सगळं एकच गोंधळ. बोरचं पाणी पाइपानं बोडीत पडायला लागलं. आचाऱ्याचे पिण्याच्या पाण्याचे ड्रम उचलून आणले. कैलाश, मंडपवाले, सगळे आत उतरले. ज्योत्सना साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात, जिला कधी पाण्यात उतरायचं नव्हतं ती, ओंजळीनं मासे उचलून ड्रममध्ये सोडत होती. काही ड्रममध्ये पडताच कलंडून राहात, आणि थोड्या वेळानं शेपटी हलवत. काही हलत नव्हते. मुलाकडची गाडी आली तेव्हा दारात स्वागताला कोणी नव्हतं. होणारा जावई अंकुश शोधत शोधत मागे आला, आणि थोड्या वेळानं इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ड्रम धरून उभा राहिला. मोनिकाचं चांगलं होणार, हे मला तेव्हाच कळलं.

मंगरू सगळ्यात शेवटी उतरला. पोरीच्या शेजारी उभा राहून जाळीनं मेलेले मासे काठावर टाकत राहिला.

"मासे दुसऱ्या साली टाकता आले असते," मग तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "तुह्यं नाव कुठून आनू आता मी?"

"ते मरून राहिले होते ना, बा."

"मरू द्यायचे होते," मंगरू म्हणाला, आणि त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे कित्येक महिने नाही.

किती मासे वाचले ते मला ठाऊक नाही. बरेच वाचले म्हणे, आणि बरेच गेले. ज्योत्सनाचं नाव मात्र मंगरू म्हणाला तसंच झालं. वहिनीनं तुमसरभर सांगितलं. बिनविषारीवालीनं तलाव मारला, इथपर्यंत ती गोष्ट पोचली. बायांनी हिला बोलावणं सोडलं. आणि ही बाई काय करायची? जी घरं उरली होती, तिथं आपणहून सांगायची, "हे मानसाले काही करत नाही, पन माशाले विष हाय. तुमच्या मोरीचं पानी कुठं जाते?" मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अगं, पोट भरायचं आहे की नाही तुला? कोण विचारतं तुला? ती घरभर येरझारा घालत म्हणाली, "कोनी नाही विचारत जी, तेच तं. मीनंबी नव्हतं विचारलं."

बापाचा अबोला तिला कामापेक्षा जास्त खात होता. दर रविवारी गावी जायची, भाजी घेऊन, दूध घेऊन. मंगरू ताट पुढं ओढायचा आणि उठून पाळीवर जायचा. आई म्हणायची, येईल गं बोलायला. तो बोलला नाही. ती परत आली की माझ्या घरातली आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायची, आणि मी घासू द्यायची.

मार्चमध्ये एक दिवस ती माझ्याकडे वर्षाची मोठी सफाई करायला आली, तर स्कुटीवर मागे मंगरू. गळ्यात दुपट्टा, मांडीवर बादली. मी या म्हटलं, त्यानं नमस्कार केला आणि घरात न येता घराला वळसा घालून मागे गेला. "हा काय प्रकार?" मी विचारलं. ज्योत्सना म्हणाली, "मले नाही माहीत, आत्याजी. सकाळी आपल्या मनानं येऊन गाडीवर बसला. बोलत काही नाही."

मी गच्चीवर गेले. मंगरू आमच्या मोरीपासून निघाला होता. गल्लीतल्या नालीच्या काठानं वाकून वाकून चालत होता, मध्येच थांबत होता, एखाद्या ठिकाणी पाण्यात काडी टाकून ती कुठं जाते ते बघत होता. लोक त्याच्याकडे बघत होते. नाली गल्ली संपून मोठ्या नाल्याला मिळते, तिथं तो वळला आणि दिसेनासा झाला. ज्योत्सना खाली दारात उभी, आत बाहेर, आत बाहेर. बादलीत रिठे भिजत पडले होते, पण तिनं हात लावला नाही. ऊन चढलं. मला वाटलं, म्हातारा कुठं चक्कर येऊन पडला असेल.

तो आला तेव्हा पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरले होते. दारात थांबला. नालीत, नाल्यात, तिथून पुढं जिथं कुठं जाऊन आला असेल तिथं, आमच्या मोरीचं पाणी कुठं जातं आणि वाटेत कुठं मासे आहेत का, ते त्यानं सगळं बघून घेतलं होतं. पोरीच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.

"कर," तो म्हणाला.

ज्योत्सनानं मान डोलावली, आणि माझ्या दारात, सगळ्या शेजारणी बघत असताना, मोठ्यानं रडायला लागली.